वाट सोडा

रविवार

तेवढ्यात नर्सबाई थबकल्या, मागे वळल्या आणि माझ्याकडे बघून हात झटकत म्हणाल्या, "पाठ सोडा."

मी जागच्या जागी उभा राहिलो. उत्तर सुचायच्या आत मागून ट्रॅक्टर आला आणि माझ्या बाहीला घासून गेला. मी कडेच्या चरात पडलो. हॉर्न नाही, काही नाही. हल्ली कोणी हॉर्न वाजवत नाही. चालकाने पुढे जाऊन ट्रॅक्टर थांबवला, वर मलाच काहीतरी सुनावलं आणि गेला.

बरोबरचे तिघंही धावत आले. सुताराने मला काखेत हात घालून वर काढलं. कॅप्टन माझी काठी शोधत चरात उतरला. नर्सबाईंनी माझं कोपर वाकवून पाहिलं, गुडघा दाबून पाहिला, तोंडाने काहीतरी चालूच होतं. मी हात सोडवून घेतला. ज्याला आत्ताच पाठ सोडा म्हणून सांगितलं, त्याचा गुडघा कशाला दाबायचा? मी म्हणालो, मला काही झालेलं नाही, तुम्ही व्हा पुढे. आणि बांधाबांधाने एकटा घरी आलो.

हे नीट लिहून ठेवतो आहे, कारण उद्या मीच म्हणेन की इतकं काही झालं नव्हतं.

आज रविवारच्या चालण्याला आम्ही चौघं टेकडीवर पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो होतो. जाताना सगळं ठीक होतं. टाकीपाशी सुतार आणि कॅप्टन थर्मास घेऊन खालच्या दगडावर बसले. नर्सबाई माझ्याशेजारी बसल्या. वारा सुटला होता. समोरच्या शेतांकडे बघत त्या बराच वेळ बोलल्या. मुलीचं काहीतरी होतं. नर्सबाई दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी बोलणं अजून दवाखान्यातलं आहे, हळू आणि एका सुरात, रुग्ण जागा होऊ नये असं. शेवटी त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. काहीतरी म्हणणं भाग होतं. मी म्हणालो, "बरं झालं."

त्या उठल्या. उतारावर एक शब्द नाही. खाली रस्त्याला लागलो, त्या पुढे, मी मागे, आणि मग ते वाक्य.

तीन शब्दसुद्धा नाहीत. दोनच.

सोमवार

गुडघा सुजला आहे. ही म्हणाली, दाखवून घ्या. मी म्हणालो, गुडघ्याला काय दाखवायचं, मुका मार आहे. ती म्हणाली, गुडघा नाही. मग काय ते सांगितलं नाही, स्वयंपाकघरात निघून गेली. बायको एवढी वर्षं एका घरात राहून अर्धी वाक्यं दुसऱ्या खोलीत जाऊन का पूर्ण करते, हे मला कधी कळलेलं नाही. हल्ली तर फारच. आणि पुन्हा विचारलं की अंगावर ओरडते.

दिवसभर तोच शब्द डोक्यात. पाठ सोडणे. पाठ धरणे आहे, पाठ पुरवणे आहे, पाठ फिरवणे, पाठ दाखवणे, पाठीशी घालणे. छापखान्यात जन्म गेला माझा, प्रुफं तपासण्यात. शब्दांचा मला धाक नाही. पण "पाठ सोडा" हे कोणाला म्हणतात? उधारी मागायला येणाऱ्याला. मागे लागलेल्या कुत्र्याला. विम्याच्या माणसाला. मी नर्सबाईंची पाठ कधी धरली? धरली असली तर त्यांनीच माझी. गेलं वर्षभर त्या माझ्या डाव्या हाताला चालतात. मुद्दाम. मी त्यांना नदी दिसावी म्हणून बाजू बदलली, तर वळसा घालून पुन्हा डावीकडे. मी एकदा म्हणालोसुद्धा, उजवीकडे काय भूत आहे का? त्या हसल्या. बोलल्या असतील काहीतरी.

मी त्यांचं बोलणं सुधारतो हे खरं आहे. त्या "माझी मदत कर" म्हणतात, मी "मला मदत कर" म्हणतो. सगळ्यांचंच सुधारतो. म्हणून तर कॅप्टनने माझं नाव कानामात्रे ठेवलं. कॅप्टन स्वतः कधी कुठल्या सैन्यात नव्हता. नदीच्या तरीवर होडीची तिकिटं फाडायचा. पण माझ्या नावाला सगळे हसतात, त्याच्या नावाला कोणी हसत नाही.

सुधारल्याचा राग आला असेल तर तसं सांगायचं. रस्त्यात हात झटकायचा नाही.

बुधवार

कॅप्टनचा फोन आला. या माणसाला फोन तोंडापासून लांब धरायची खोड आहे. गुडघ्याचं विचारलं असावं, मी म्हणालो, बरा आहे. मग तो लांबलचक काही सांगत राहिला. रविवार हा शब्द आला, नर्सबाई आल्या, पूल आला. रविवारी नेहमीसारखं पुलापाशी भेटायचं, एवढं समजायला काही लागत नाही. मध्येच थांबला, म्हणजे प्रश्न होता. मी म्हणालो, हो हो. पुन्हा काहीतरी. मी म्हणालो, अर्थात. तो खूश झाला, तेवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"काय" म्हणून विचारत बसणं मला आवडत नाही. एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याच्या तोंडावर एक कंटाळा येतो आणि तिसऱ्यांदा तो म्हणतो, जाऊ द्या. ते "जाऊ द्या" मी फार ऐकलं आहे. प्रुफात एखादं अक्षर उडालं असलं तरी पुढच्या मागच्या शब्दांवरून ते लागतं. बोलण्यातही लागतं. माझं तरी आतापर्यंत लागत आलं आहे.

ही विचारत होती, काय म्हणत होते कॅप्टन. मी म्हणालो, काही विशेष नाही.

रविवारी जाणार नाही. हे ठरलं.

रविवार

गेलो नाही. म्हणजे त्यांच्याबरोबर गेलो नाही. सकाळी उलट्या दिशेने कालव्याच्या वाटेला लागलो.

एकट्याने चालणं वाईट. एरवी कॅप्टन तरीवरचे किस्से सांगतो, सुतार प्रत्येक झाडाचं लाकूड कशाच्या कामाचं ते सांगतो, त्यातलं निम्मं मी ऐकत नाही, पण अंतर सरतं. आज गुडघा, श्वास आणि काठी, एवढंच. कालव्याच्या झाडीत पूर्वी पक्ष्यांचा कलकलाट असायचा. आता एक नाही. फवारण्या करून सगळे मारले. यावर कोणी काही लिहीत नाही.

परत येताना एक सायकलवाला पाठीमागून इतका जवळून गेला की काठी हातातून सुटली. पुढे जाऊन त्याने वळून पाहिलं आणि कानाजवळ बोट फिरवलं. वेडा आहे का, असं मला विचारत होता. घंटी न वाजवणारा तो, आणि वेडा मी.

घरी आल्यावर ही दारातच. चेहरा विचित्र. म्हणाली, तुम्ही इतक्या लवकर? मी म्हणालो, मी एकटा गेलो होतो. तिने विचारलं, पुलापाशी नाही गेलात? नाही म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बरं. आणि मला जेवायला वाढून स्वतः बाहेर जाऊन बसली.

एक शंका लिहून ठेवतो. पाठ सोडा म्हणताना नर्सबाईंचा चेहरा रागावलेला नव्हता. घाबरलेला होता. रागावलेलं माणूस डोळे इतके मोठे करत नाही. पण ऐकलं ते ऐकलं.

सोमवार

सुतार आला. खिडकीची झडप घासते, ती बघायला म्हणून आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. हिने बोलावलं असणार.

रंधा मारत होता, माझ्याकडे बघत नव्हता. मी खुर्चीवर बसून होतो. बऱ्याच वेळाने काहीतरी बोलला. मी मान हलवली. त्याने रंधा खाली ठेवला, अगदी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मान काय हलवता? हो म्हणालात ना फोनवर? मग आला का नाहीत?"

मी म्हणालो, कशाला हो म्हणालो?

ही आतून पदराला हात पुसत आली आणि दारात थांबली. मग सुताराने सांगितलं, एकेक वाक्य सुटं करून. नर्सबाई घर सोडून मुलीकडे राहायला चालल्या, कायमच्या. कालचं चालणं त्यांचं शेवटचं होतं. कॅप्टनने मला फोनवर विचारलं होतं की तुम्ही दोन शब्द बोलाल का, बोलणं तुमचं चांगलं. मी म्हणालो होतो, हो हो. त्याने विचारलं होतं की नक्की ना. मी म्हणालो होतो, अर्थात.

ते पुलावर थांबले. ऊन चढेपर्यंत थांबले. कॅप्टन म्हणत होता, आपण निघू, कानामात्रे वाटेत गाठतील. नर्सबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत. शेवटी चालणं झालंच नाही. तिघं पुलावरून आपापल्या घरी गेले.

मला घाम फुटला. पण घाम फुटला की मी जास्त ताठ होतो, हा माझा स्वभाव आहे. मी म्हणालो, ज्या बाईने भर रस्त्यात मला पाठ सोडा म्हणून सांगितलं, तिच्या निरोपाला मी कशाला येऊ?

सुतार म्हणाला, "काय सांगितलं?"

मी पुन्हा सांगितलं.

तो हसायला लागला. इतका हसला की खिडकीच्या चौकटीवर बसला. मग एकदम थांबला, कानावरची पेन्सिल काढली आणि झडपेच्या नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वाट. लिहून पेन्सिल त्यावर टेकवली. म्हणाला, "वाट. वाट सोडा म्हणाल्या त्या. मागून ट्रॅक्टर येत होता. हॉर्न वाजवून वाजवून त्याचा जीव गेला. आम्ही तिघंही बोंबलत होतो."

मी तो शब्द बघत राहिलो. व आणि प, ट आणि ठ. प्रुफात ही चूक मी झोपेत धरली असती. आणि धरताना वाक्य वाचलं असतं, मागून ट्रॅक्टर येतो आहे, तिथे पाठ कशी बसेल हे पाहिलं असतं. रस्त्यात मी वाक्य पाहिलंच नाही. एका शब्दाला धरून आठवडाभर बसलो.

ही हसली नाही. म्हणाली, "वर्षभर सांगते आहे मी. सांगते ते तरी ऐकू येत असेल का, म्हणून आता सांगायचं सोडलं होतं."

मी सुताराला विचारलं, कालव्याकाठी पक्षी आहेत का हल्ली? तो म्हणाला, आहेत की. झोपू देत नाहीत.

सुतार जाताना झडपेवरचा तो शब्द पुसायला निघाला. मी म्हणालो, राहू दे. मग म्हणालो, नको, पूस. तो वैतागून म्हणाला, काय ते एकदा ठरवा. शेवटी त्यावरून त्याने रंधा मारला.

मंगळवार

नर्सबाईंकडे जाऊन आलो.

वाटेत वाक्य तयार केलं होतं. तीनदा दुरुस्त केलं. दार मुलीने उघडलं. आत खोक्यांच्या राशी, गुंडाळलेल्या गाद्या, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. नर्सबाई जमिनीवर बसून कपबशा कागदात गुंडाळत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. एका खोक्याकडे बोट केलं, मी त्यावर बसलो. मग त्या उठल्या, दुसरं खोकं ओढून माझ्या डाव्या बाजूला आणलं आणि बसल्या.

मला तेव्हा समजलं. वर्षभर काय चाललं होतं ते.

मी म्हणालो, तुम्हाला माहीत होतं.

त्या म्हणाल्या, उजवा कान तुमचा कधीचाच गेला आहे. डावा बऱ्यापैकी आहे, पण वाऱ्यात नाही. मी म्हणालो, मग सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, निवृत्त झाले आहे मी. आणि सांगितलं असतं तर माझं व्याकरण काढलं असतंत.

तयार केलेलं वाक्य राहून गेलं. मी कसंबसं सगळं सांगितलं. पाठ आणि वाट. फोन. कालवा. त्या ऐकत होत्या, कपबशीवर कागद गुंडाळत. पाठ सोडाचं ऐकून हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तसं म्हणायचं असतं तर मागे वळून कशाला म्हणाले असते? पुढे निघून गेले असते."

हे मला आठवडाभरात सुचलं नव्हतं.

मग मी म्हणालो की टाकीपाशी मी बरं झालं म्हणालो, ते तुमच्या जाण्याला नव्हतं. मला ऐकूच आलं नव्हतं. त्यांचा हात थांबला.

"काहीच नाही?"

"मुलीचं काहीतरी, एवढंच."

"बाकीचं?"

मी मान हलवली, या वेळी नाही म्हणून.

बाजूच्या खोलीत मुलगी चिकटपट्टी ओढत होती, तो आवाज मात्र मला नीट येत होता. मी म्हणालो, पुन्हा सांगा. आता वारा नाही. मी नीट ऐकतो.

नर्सबाई म्हणाल्या, "जाण्याचं होतं ते तुम्हाला समजलं आहे आता."

"आणि बाकीचं?"

"ते नाही सांगता येत पुन्हा. तसं बोलणं एकदाच होतं. तिथे समोर शेतं होती, तुमच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून जमलं. आता इथे खोक्यावर बसून, तुमच्या कानात ओरडून?" त्या हसल्या, पण नीट हसल्या नाहीत. "आणि मी सगळं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, बरं झालं. मला वाटलं, उत्तर मिळालं."

मी अजून एकदा म्हणालो. त्यांनी कपबशी खोक्यात ठेवली, दुसरी घेतली. मग मुलगी आत आली आणि भांड्यांचं काहीतरी विचारायला लागली.

निघताना मी विचारलं, जाणार कधी? त्या म्हणाल्या, उद्या सकाळी, ऊन व्हायच्या आत. मी म्हणालो, आम्ही येतो. त्या म्हणाल्या, कानाच्या डॉक्टरकडेही जा. पत्ता तुमच्या बायकोकडे दिला आहे. म्हणजे हिला सगळं माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

घरी आल्यापासून ते आठवायचा प्रयत्न करतो आहे. डोळे मिटून टाकीपाशी बसतो. वारा येतो. त्यांचे ओठ हलताना दिसत नाहीत, कारण त्या समोर बघत होत्या आणि मीही समोर बघत होतो. एक शब्द असेल, जो मला लागला नाही, आणि ज्याच्या मागेपुढे काहीच नाही. मुळात आवाज आलाच नाही तर कशावरून लावायचं? हिने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही. मग म्हणालो, काही नाही असं नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली. पण मला काही सांगता आलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

कॅप्टन फोनवर म्हणाला, कानामात्रेंचा कान गेला, नुसती मात्रा उरली. मुद्दाम फोन तोंडाजवळ धरून, ओरडून म्हणाला. पहिल्या फटक्यात ऐकू आलं. रागवायला हवं होतं. रागावता आलं नाही.

बुधवार

सकाळी गेलो. कॅप्टन आणि सुतार आधीच पोचले होते, सुतार टपावर खोकी बांधत होता. मला दोन शब्द बोलायचे होते, पण कोणी थांबेना आणि मीही सुरू केलं नाही. नर्सबाई मागच्या सीटवर बसल्या. मुलीने गाडी सुरू केली. काच खाली करून नर्सबाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

मी गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. मुलीने ब्रेक दाबला. मी खिडकीशी आलो आणि म्हणालो, काय?

त्या पुन्हा म्हणाल्या. इंजिन चालू होतं. मी म्हणालो, काय? कॅप्टन मागून म्हणाला, अहो, जाऊ द्या. मी म्हणालो, नाही. इंजिन बंद करा.

मुलीने इंजिन बंद केलं. नर्सबाई दार उघडून उतरल्या, माझ्या डाव्या बाजूला आल्या, खांद्यावर हात ठेवून कानाशी तोंड आणलं.

म्हणाल्या, "माझ्या मागच्या दारी एक मांजर येतं. त्याला दूध घालू नका. त्याला सोसत नाही."

मी म्हणालो, बरं.

त्या गाडीत बसल्या आणि गाडी गेली. रविवारचं राहिलेलं चालणं आजही झालं नाही.